दुर्कस आणि लुदिया

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळ तीन आठवड्यांवर आला होता आणि आमच्या बेळगावात एका मैदानावर हस्तकलेच्या वस्तूंचे तीन दिवसांचे प्रदर्शन भरले होते. आमच्या मंडळीच्या महिला मंडळाने त्यात एक स्टॉल घेतला. दहा भगिनींनी आपापल्या हातच्या वस्तू दिल्या. क्रोशाचे रुमाल, भरतकाम केलेल्या उशांचे अभ्रे, लहान मुलांच्या लोकरी टोप्या, कापडी पिशव्या, कागदी तारे, मेणबत्त्या असा बराच माल जमला. मी निवृत्त शिक्षिका, हिशेबाची सवय असलेली. म्हणून गल्ल्यावर मला बसविण्यात आले.

या दहा जणींत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. पती वारल्यापासून क्रोशाचे काम आणि शेजारच्या मुलांच्या शिकवण्या यांवरच तिचे घर चालते. तिने एक मोठे गोल टेबलक्लॉथ आणले होते, पांढरे शुभ्र, कडेला द्राक्षांच्या घोसांची वीण. किंमत तिने नऊशे रुपये लावली होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी एक बाई आल्या. त्यांनी ते कापड उलगडून पाहिले आणि म्हणाल्या, "बाजारात असलेच साडेतीनशेला मिळते." मी थोडे समजावून सांगितले. त्या निघाल्या. स्टॉल आवरायची वेळ झाली होती, आणि एवढी मोठी वस्तू परत न्यावी लागू नये असे मला वाटत होते. त्यांना परत बोलावून मी ते चारशेला देऊन टाकले. माझी विद्यार्थिनी तेव्हा चहा आणायला गेली होती.

त्या वर्षी आमचा सगळा माल खपला. एकूण विक्री अठरा हजार चारशे रुपये झाली. पुढच्या रविवारी उपासनेनंतर तसे जाहीर झाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी परतताना ती माझ्याबरोबर चालत होती. मी तिला म्हटले, "तुझे टेबलक्लॉथसुद्धा गेले बघ. नाहीतर घरी पडून राहिले असते." थोडे अंतर ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, रागावू नका. दोरा दोनशे साठ रुपयांचा होता. काम पन्नास तासांचे. माझ्या हातात एकशे चाळीस आले."

शाळेत तिला गणित मीच शिकविले होते. तासाला तीन रुपयेही पडत नव्हते. मी म्हटले, "अगं, त्या बाईंना इतके आवडले होते! कधीकधी थोडे सोडावे लागते." त्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "सोडायला हरकत नाही बाई. पण तुम्ही सोडलेत ते माझे होते."

वाचकहो, हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेले नाही. हाताने केलेल्या वस्तूची योग्य किंमत कोणती, ती कमी करण्याचा अधिकार कोणाला, आणि "सगळा माल खपला" यालाच यशस्वी विक्री म्हणायचे का, हे प्रश्न वरवर बाजारातले वाटतात. मला मात्र ते धर्माचरणाचे वाटू लागले आहेत. आपल्या बहुतेक मंडळ्यांतून सेल, प्रदर्शने आणि स्टॉल होत असतात, म्हणून हा विचार आपणापुढे मांडते.

दान कोणी द्यावे?

प्रेषितांच्या कृत्यांत हाताने काम करणाऱ्यांची आठवण वारंवार येते. यापो येथील दुर्कस विधवांसाठी कपडे शिवीत असे. ती वारल्यावर त्या विधवांनी रडत रडत पेत्राला ते कपडे दाखविले. फिलिप्पै येथे भेटणारी थुवतीराची लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत असे. ती आपला माल वाटत नव्हती, विकत होती, आणि त्या व्यापारावर उभ्या असलेल्या तिच्या घरातच पौलाचे आतिथ्य झाले. करिंथमध्ये पौल स्वतः अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचा धंदा करीत असे. सुवार्ता त्याने फुकट सांगितली. तंबू फुकट वाटल्याचे मात्र कोठेही लिहिलेले नाही. उलट त्या तंबूंचे पैसे मिळत होते म्हणूनच त्याला कोणावर भार न घालता सुवार्ता सांगता आली.

दुर्कसने दिले आणि लुदियेने विकले. पवित्र शास्त्र दोघींचाही आदराने उल्लेख करते. दोघींत एक गोष्ट समान आहे. दुर्कसने दिले ते तिचे स्वतःचे श्रम होते आणि लुदियेने विकला तो तिचा स्वतःचा माल होता. मी मात्र लुदियेचा माल हाती घेऊन दुर्कसचा मोठेपणा मिरवायला निघाले होते. दान ज्याचे त्याने द्यायचे असते. दुसऱ्याच्या पन्नास तासांतून मी उदारपणा दाखविला, आणि तोही कोणा गरजूला नव्हे, तर ज्यांना सवलतीची गरज नव्हती अशा एका बाईंना.

लिलाव आणि स्टॉल

आपल्याकडे ही गल्लत का होते, याचे एक कारण मला दिसते. सुगीच्या सणाला आपण देवापुढे पीक आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तेथे एखादा भोपळा पाचशे रुपयांना जातो आणि चार लिंबांसाठी दोन कुटुंबांत हसतखेळत चढाओढ लागते. त्या पाचशे रुपयांत भोपळ्याची किंमत फार तर चाळीस असते आणि बाकीचे दान असते. हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्यात कोणाची फसवणूक होत नाही. या आनंदाला माझा काहीच आक्षेप नाही.

पण वर्षानुवर्षे असे लिलाव पाहून आपल्या मनात किंमत आणि दान यांची सरमिसळ झाली आहे. मंडळीच्या नावाने जे विकले जाते ते सगळे दानच, अशी आपली समजूत झाली आहे. म्हणून घेणारा म्हणतो, "मंडळीचेच आहे ना, मग स्वस्त द्या." विकणारीही म्हणते, "मंडळीसाठीच आहे, काय हिशेब करायचा!" मात्र स्टॉलवरचा पैसा जेव्हा वस्तू करणारीच्या घरी जाणार असतो, तेव्हा तो तिची मजुरी असतो. मजुरीविषयी शास्त्र किती कडक आहे हे आपण जाणतो. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे अनुवादात सांगितले आहे. अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते, असे याकोबाने लिहिले आहे. ही वचने आपण शेतमालकांना आणि कारखानदारांना लावतो. महिला मंडळाच्या स्टॉलला ती कोणी लावल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

फावल्या वेळचे काम

आमच्या दहा जणींपैकी चौघी पोटासाठी काम करीत होत्या. बाकीच्या सहा जणींच्या घरी पगार किंवा पेन्शन येते. त्यांत मीही आले. आम्ही सहा जणी दुपारी दूरदर्शनसमोर बसून विणतो आणि दोऱ्याचे पैसे निघाले की समाधान मानतो. मी केलेला बारा इंची रुमाल मी साठ रुपयांना ठेवला होता, कारण "वेळ तर जातोच." त्याच्याच शेजारी माझ्या विद्यार्थिनीचा तेवढाच रुमाल दोनशेला होता. ग्राहकाने कोणता उचलला असेल? मी छंद म्हणून लावलेल्या किमतीने तिच्या भाकरीची किंमत पाडली. हे मी जाणूनबुजून केले नव्हते. पण तिचे नुकसान व्हायचे ते झालेच.

आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे आलेल्या मिशनरी कुटुंबांनी स्थानिक स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली. हेतू चांगला होता. हातात कसब आले आणि घरात चार पैसे आले. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली आणि तिचा मोठा व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने तेथे राहून पाहणी केली आणि 1982 साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तिने दाखविले की या स्त्रिया रोज कितीतरी तास लेस विणतात, तरी व्यापारी, सरकार आणि घरची माणसेही त्यांना कामगार मानीत नाहीत. त्या घरी बसलेल्या गृहिणी आणि लेस हे त्यांचे फावल्या वेळचे काम, असेच सगळे म्हणतात. ही समजूत असल्यामुळेच मजुरी अगदी थोडी ठेवता येते. जे फावल्या वेळात होते त्याला पूर्ण मोबदला कशाला, असा तो विचार आहे.

हे वाचताना मला आमचा स्टॉल आठवला. कसब शिकविणारे आपण, प्रेमाने शिकविणारेही आपणच. पण त्या कसबाला काम म्हणायचे की करमणूक, हे ठरविताना आपण चुकतो. गुजरातेत इला भट्ट यांनी 1972 साली 'सेवा' ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभारली. तेव्हा कामगार खात्याने आधी नोंदणीच नाकारली होती. तुमचा मालक कोण, हा खात्याचा प्रश्न होता, आणि मालक नाही तर कामगारही नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. अखेर नोंदणी झाली. घरी बसून काम करणारीही कामगारच आहे, हे मान्य करून घेण्यासाठी एवढे झगडावे लागले. आपल्या मंडळीत तरी ते न झगडता मान्य व्हायला हवे.

बाजारभाव हाच न्याय का?

येथे कोणी म्हणेल, "बाई, हे सगळे खरे. पण बाजारात जी किंमत मिळते तीच किंमत. तास मोजून कोणी पैसे देत नाही." हा आक्षेप पोकळ नाही, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

साडेतीनशेला मिळणारे ते कापड कोणते असते? क्रोशाची खरी वीण मोठ्या प्रमाणावर काढणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. स्वस्तात मिळते ती यंत्रावर विणलेली, दुरून तशीच दिसणारी जाळी असते. ती घेण्यात पाप नाही. कोणाला जाळीच हवी असेल तर त्याने जाळी घ्यावी. पण जाळीचा भाव दाखवून क्रोशा मागणे हे योग्य नव्हे. घासाघीस करताना वस्तूला वाईट वाईट म्हणणारा आणि घेऊन निघाल्यावर आपल्या सौद्याची बढाई मारणारा ग्राहक नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात भेटतो. तो वाचताना आपल्याला हसू येते, कारण तो आपल्या घरातलाच असतो.

घासाघीस मुळातच वाईट आहे असे मी म्हणत नाही. भाजीवाली मावशी आणि आपण रोज करतो ती घासाघीस हे दोन जाणत्या माणसांचे बोलणे असते. भाव उतरवायचा की नाही, हे मावशी स्वतः ठरविते. पण संध्याकाळ झाली आहे, घरी जायची घाई आहे आणि हातात पैसा नाही, हे ओळखून जो भाव पाडला जातो, तो सौदा बरोबरीचा राहत नाही. समोरच्याची अडचण हीच तेथे तराजूतले खोटे वजन होते. लेवीय पुस्तकात खरी तराजू आणि खरी वजने ठेवावीत असे सांगितले आहे. ती आज्ञा विकणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्यालाही आहे.

या बाबतीत आपल्या देशात एक मोठा प्रयोग झाला. 1935 साली गांधीजींनी आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. आठ तासांच्या कामाला आठ आणे असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. तोपर्यंत कातणारीच्या हाती जे पडत होते त्याच्या तुलनेत ही रक्कम फारच मोठी होती. खादी आधीच गिरणीच्या कापडाहून महाग होती, आणि आणखी महाग झाली तर कोण घेईल, अशी कार्यकर्त्यांना भीती होती. चरखा संघाने शेवटी आठ आण्यांहून कमी दर धरला, पण मजुरी वाढविली. त्याच वर्षी वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबांनी रोज तासन् तास सूत कातून, त्या मजुरीत माणूस जगू शकतो का हे स्वतः अनुभवून पाहिले. मला त्यांची ही पद्धत फार मोलाची वाटते. दर ठरविणाऱ्याने आधी त्या दरावर जगून पाहावे. स्टॉलवरच्या मला कोणी तासाला तीन रुपये दराने एक आठवडा काढायला सांगितले असते, तर त्या चारशे रुपयांना मी नक्कीच नकार दिला असता.

दयेचा बाजार

मग उपाय काय? काही जण सुचवितात की स्टॉलवर एक पाटी लावावी, "या वस्तू गरजू विधवांनी केल्या आहेत." आमच्या मंडळातही ही सूचना आली. माल खपला असता यात शंका नाही. पण माझी विद्यार्थिनी म्हणाली, "माझ्या विणीकडे बघून घ्या. माझ्या कपाळाकडे बघून नको."

मला तिचे म्हणणे पटते. दयेने घेतलेली वस्तू एकदाच घेतली जाते. ती घरी जाऊन कपाटात पडते आणि पुढच्या वर्षी घेणारा दुसऱ्या कोणावर दया करतो. शिवाय दयेच्या पाटीखाली काम सुधारत नाही, कारण टाका सैल असला तरी चालून जातो. 1959 साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे 'लिज्जत' संस्था झाली. सुरुवातीपासून त्यांचा नियम असा की देणगी घ्यायची नाही आणि पापडाच्या दर्जात तडजोड करायची नाही. लोक लिज्जतचे पापड घेतात ते चांगले लागतात म्हणून. त्या भगिनींवर उपकार करावा असे कोणाच्या मनात येत नाही.

पंडिता रमाबाईंनीही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना नुसता आश्रय दिला नाही. विणकाम, शिवणकाम आणि छापखान्याचे काम असे उद्योग शिकविले. त्यांनी केलेल्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराची जुळणी आणि छपाई मुक्तीच्या स्त्रियांनीच केली. ज्यांना समाजाने टाकाऊ ठरविले होते, त्यांच्या हातून एवढे काम झाले. ते पाहणाऱ्याला त्यांची कीव करणे सुचणारच नाही.

परदेशातील एक उदाहरणही बोलके आहे. 1946 साली एडना रूथ बायलर ही अमेरिकन मेनोनाइट स्त्री पोर्तो रिकोला गेली होती. तेथील गरीब स्त्रियांचे भरतकाम पाहून तिने काही कापडे विकत घेतली आणि घरी परतल्यावर आपल्या मोटारीतून हिंडून ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकली. त्या छोट्या आरंभातून करणाऱ्याला रास्त मोबदला देणारा 'टेन थाउजंड व्हिलेजेस' हा व्यापार उभा राहिला. त्या स्त्रियांच्या हातात कला होतीच. तिची किंमत देणारा ग्राहक तेवढा त्यांना मिळत नव्हता. बाई ते ग्राहक शोधीत हिंडल्या.

विकणारीचे कर्तव्य

येथवर वाचून काही भगिनींना वाटेल, की मग आपण लावू ती किंमत योग्यच. तसे नाही. पन्नास तास गेले म्हणून वस्तू आपोआप पन्नास तासांच्या मोलाची होत नाही. वीण वाकडी असेल, पहिल्या धुण्यात रंग जात असेल, किंवा वस्तू कोणाच्याच उपयोगाची नसेल, तर घेणाऱ्याने ती का घ्यावी? त्याच्यावर सक्ती नाही. रास्त किंमत मागण्याचा हक्क कमवावा लागतो.

आपल्या भागातील कसुतीचे उदाहरण घ्या. धारवाड-बेळगावकडच्या जुन्या बायका कापडाचे धागे मोजून, गाठ न मारता कसुती भरीत. गवंती आणि मुरगी या टाक्यांत तर कापडाची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी कापड उलटून पाहते. यंत्राचे भरतकाम तेथे लगेच उघडे पडते. मला वाटते, आपल्या प्रत्येक वस्तूला ही कसोटी लावावी. उलटून पाहिली तरी ती खरी ठरावी. निर्गमाच्या पुस्तकात देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले असे ज्याच्याविषयी सांगितले आहे, तो बसालेल कारागीर होता. त्याचे कौशल्य सोन्यारुप्याच्या, रत्नांच्या आणि लाकडाच्या कामात दिसले. कौशल्य हे देवाचे देणे असेल, तर ढिसाळ काम देवाच्या नावावर खपविणे बरोबर नाही.

खोटेपणाही कधीकधी आपल्याच टेबलावर सापडतो. आमच्या एका भगिनीने बाजारातील तयार लेस रुमालांना लावली होती आणि रुमालांवर "हातचे काम" अशी चिठ्ठी होती. तिने फसविण्यासाठी तसे केले नव्हते. शिवण हातचीच होती. पण घेणाऱ्याला लेसही हातची वाटणार. आम्ही चिठ्ठी बदलली, "लेस तयार, शिवण हातची." किंमत चाळीस रुपयांनी उतरली. जी मंडळी ग्राहकाकडे न्याय मागते, तिने आधी आपल्या चिठ्ठ्या तपासाव्यात.

दुसऱ्या वर्षी

गेल्या नाताळापूर्वी आम्ही पुन्हा स्टॉल घेतला. जानेवारीतच प्रत्येकीला एक वही दिली होती. वस्तू कोणती, सामान किती रुपयांचे, तास किती, एवढेच तीत लिहायचे. दर काय धरायचा यावर बराच वाद झाला. शेवटी आठ तासांना तीनशे रुपये ठरले. सामान, तास आणि स्टॉलच्या भाड्यातील वाटा मिळून किंमत काढली. भाडे आधीच्या वर्षी मंडळाच्या निधीतून गेले होते. या वेळी ते विक्रीच्या प्रमाणात वाटले. आम्हा सहा जणींनाही तोच दर बंधनकारक होता. आमच्यापैकी कोणाला पैसे नको असतील तर तिने ते नंतर दान करावेत, पण किंमत पाडायची नाही. आणि शेवटचा नियम माझ्यासाठी होता. जिची वस्तू, तिला विचारल्याशिवाय गल्ल्यावरच्या बाईने एक रुपयाही कमी करायचा नाही.

काय झाले ते खरे खरे सांगते. विक्री घटली. आधी अठरा हजारांवर गेलेला आकडा या वेळी तेरा हजारांपर्यंतच पोहोचला. तीन पिशव्या भरून माल परत आला. दोघी भगिनी नाराज झाल्या. "तुमच्या हिशेबापायी स्टॉल बुडाला," असेही मी ऐकले. पण वह्या उघडल्यावर दुसरे चित्र दिसले. माझ्या विद्यार्थिनीला आधीच्या वर्षी साऱ्या वस्तूंचे मिळून एकोणतीसशे रुपये आले होते. त्यांतील सतराशे दोऱ्याचे. उरले बाराशे, आणि काम सुमारे दोनशे तासांचे. म्हणजे तासाला सहा रुपये. या वर्षी वहीमुळे तिच्या लक्षात आले की मोठ्या वस्तूंत तास फार जातात आणि घेणारा कचरतो. तिने पुस्तकातील खुणा, कपाखालच्या चकत्या आणि बाळांच्या टोप्या अशा थोड्या तासांच्या वस्तू जास्त केल्या. तिला एक्केचाळीसशे मिळाले. दोरा अकराशेचा आणि भाड्याचा वाटा पाचशेचा गेला. उरले अडीच हजार, आणि विकलेल्या वस्तूंचे तास नव्वद. ठरलेला दर पूर्ण पडला नाही, कारण शेवटच्या दिवशी दोन वस्तूंची किंमत उतरवावी लागली. ती तिने स्वतः उतरवली. तासाला सहाचे जवळजवळ अठ्ठावीस झाले. तेव्हा कोणत्या वर्षी आम्ही यशस्वी झालो? गल्ला मोजला तर पहिल्या वर्षी आणि घरे मोजली तर दुसऱ्या वर्षी, असे माझे उत्तर आहे. मात्र नाराज झालेल्या दोघींच्या परत आलेल्या पिशव्याही मी विसरत नाही. त्यांच्यासाठी मार्ग अजून शोधायचा आहे.

परत आलेल्या मालात एक टेबलक्लॉथही होते, द्राक्षांच्या घोसांचेच. आधीच्या वर्षीची वीण तिने मोठ्या हौसेने पुन्हा काढली होती. नव्या हिशेबाने त्याची किंमत बावीसशे झाली आणि ते कोणी घेतले नाही. मग मंडळीच्या कमिटीत विषय निघाला की प्रभुभोजनाच्या मेजासाठी असे कापड हवेच आहे. एका वडीलधाऱ्या सभासदाने सुचविले, "आपलीच मुलगी आहे. मंडळीला अर्पण म्हणून देईल." ती आनंदाने देईल याची सर्वांना खात्री होती, आणि म्हणूनच मला भीती वाटली. तिच्याकडे निरोप घेऊन मीच गेले. जे जे बोलणे झाले ते तिला सांगितले आणि म्हटले, "तू ठरव. कोणी काही म्हणणार नाही."

ती म्हणाली, "बाई, आधी पूर्ण पैसे द्या. मग दान काय द्यायचे ते मी ठरवीन."

कमिटीने दोन हप्त्यांत बावीसशे रुपये दिले. ते कापड आता मेजावर असते. त्यानंतर अर्पणाच्या थैलीत तिने काय टाकले, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि ते तसेच असायला हवे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

मोठ्या मुलांच्या वर्गात हा विषय घ्यावा असे मला वाटते. दुर्कस आणि लुदिया यांच्या कथा एकाच रविवारी सांगाव्यात. मग मुलांना एखादी हातची वस्तू, कागदी फूल किंवा खूणपट्टी, करायला लावून तास मोजायला सांगावे. वस्तू पुरी झाल्यावर एकाने दुसऱ्याच्या वस्तूची किंमत ठरवावी आणि नंतर आपल्या वस्तूची ठरवावी. दोन किमतींत केवढा फरक पडतो ते मुले स्वतःच पाहतील. दुसऱ्याचे श्रम आपल्याला नेहमी स्वस्त का वाटतात, एवढाच प्रश्न मग त्यांना विचारावा. उत्तराची घाई करू नये. मला ते कळायला पासष्ट वर्षे लागली, आणि तेही माझ्या विद्यार्थिनीने सांगितले तेव्हा.